ओढणं सोपं, आवरणं अवघड

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, आणि तेव्हापासून आमच्या ऑफिसच्या लंच टेबलावर दर महिन्याला एकदा तरी हा विषय निघतोच. एक मध्यम आकाराची पिकअप घ्यायची (हायलक्स नाहीतर व्ही-क्रॉस), मागे छोटं घर असलेला ट्रेलर अडकवायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी मुंबईबाहेर सुटायचं! यावर पहिला प्रश्न ठरलेला: "मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?" दुसरा: "ओढेल का रे?"

ओढेल. त्याची काळजी करू नका. माझ्या मते प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारला जातोय. मुंबईतून देशावर वजन नेण्याचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर ओढण्याची सोय दर वेळी आधी सापडली. डोकं खाल्लं ते आवरण्याने. आज त्याबद्दलच लिहितो.

सुरुवात शीवपासून करू, कारण मी राहतो तिथे, आणि या गोष्टीचं दारही तेच आहे. शीव म्हणजे वेस, हद्द. इंग्रजांनी त्याचं 'सायन' केलं. १६७० च्या दशकात टेकडीवर किल्ला बांधला तोही हद्द राखायलाच. खाडीपलीकडची साष्टी तेव्हा पोर्तुगीजांकडे होती, आणि १७३७ ते १७७४ या काळात मराठ्यांकडे. पुढे पलीकडचा मुलूखही इंग्रजांच्या हाती गेला, हद्द म्हणून शीवचं काम संपलं आणि दार म्हणून सुरू झालं. शीव ते कुर्ला हा कॉजवे १७९८ मध्ये सुरू होऊन १८०५ मध्ये पुरा झाला. आता चाकावरचा माल होडीत न चढवता मुंबईबाहेर जाऊ शकत होता.

पुढे जाऊन अडत होता तो बोरघाटात. गाडीरस्ता होईपर्यंत घाटातला माल बैलांच्या पाठीवरून जायचा, आणि ऐपतदार माणसं पालखीतून. चाकांच्या गाड्यांसाठी घाट खुला झाला १८३० मध्ये, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना. (एक्स्प्रेस वेवरचा अमृतांजन पूल आठवतोय? तो त्याच काळातला. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनमध्ये रस्ता रिकामा होता तेव्हा पाडला.)

आता बैलगाडी म्हणजे काय, तर ट्रेलरच की! पुढे ओढणारा, मागे दोन चाकांवर वजन, मध्ये एक सांधा. चढताना बैल जुवाला मान लावतो आणि ओढतो. जू बनवलंय त्यासाठीच. उतरताना मात्र सगळं उलटं. आता गाडी बैलाला ढकलते, आणि तिला अडवायला बैलाकडे गळ्याखालचा पट्टा आणि स्वतःचे चार पाय, एवढंच असतं. चढावर बैल दमतो, उतारावर तो मोडतो.

शिवाय वजन कुठे ठेवलंय याचा प्रश्न. मागे जास्त माल भरला की गाडीचं तोंड वर उचलतं. त्याला आपल्याकडे सुंदर शब्द आहे, 'उलाळ'. ऊस भरलेली गाडी उलाळ होऊन बैल हवेत लोंबकळतोय, असा फोटो तुम्हीही फॉरवर्डमध्ये पाहिला असेल आणि हसला असाल. बैलाला हसू येत नाही. अमेरिकेत ट्रेलर ओढणारे लोक हेच आकड्यात सांगतात: ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर आला पाहिजे. त्यापेक्षा कमी आला, म्हणजे ट्रेलर उलाळ झाला, तर वेगात तो शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे हलायला लागतो आणि पुढच्या गाडीलाच फिरवतो. म्हणजे पाण्याची टाकी, गॅसचा सिलिंडर, बिअरचे क्रेट हे सगळं मागच्या टोकाला कोंबायचं नाही. आपल्या गाडीवानाला हे टक्केवारीशिवाय ठाऊक होतं.

मग आली रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली ती १४ डबे आणि पाहुणे घेऊन. ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. वाटेत पाणी भरायला ती थांबली आमच्या शीवला! सपाटीवर तीन इंजिनं म्हणजे ओढण्याचा प्रश्न सुटलाच म्हणायचा.

खरी परीक्षा घाटात होती. बोरघाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि मे १८६३ मध्ये संपलं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. साधारण २५ किलोमीटरात १,८३१ फूट चढ, २५ बोगदे, आणि सगळ्यात तीव्र उतार ३७ ला १. एका वेळी ४० हजारांवर मजूर तिथे राबत होते, आणि कॉलऱ्याने किती गेले याला हिशेब नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याच्या मागे कंत्राट पुरं करून घेतलं त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने.

३७ ला १ हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. कारने जाताना असा चढ कळतही नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्यात पावसाळा. म्हणून घाटासाठी वेगळी इंजिनं बनवून घेतली. त्यांच्या खोगिरासारख्या टाकीतलं पाणी चाकांवर वजन टाकायचं, आणि ब्रेक असे, की चाकांना न धरता थेट रुळांवर दाबले जायचे. चढायला जास्तीचं इंजिन मागून लावलं की झालं. त्यालाच बँकर म्हणतात, आणि ही पद्धत आजही चालू आहे. पुण्याला जाताना गाडी कर्जतला थांबते ती बँकर जोडायला. तुम्ही त्या वेळात वडापाव खाता, हा जोडधंदा.

उतरायचं कसं, यावर मात्र जास्त डोकं लढवावं लागलं. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कॅच सायडिंग. घाट उतरणाऱ्या गाडीने ठरलेल्या ठिकाणी पूर्ण थांबायचं. तिथले सांधे एरवी मुख्य मार्गाकडे नसतातच! ते असतात एका आडव्या फाट्याकडे, जो चढावर जाऊन संपतो. गाडी थांबली, म्हणजे ब्रेक चालतात हे सिद्ध झालं, की मगच सांधे फिरतात आणि पुढची वाट मिळते. नाही थांबली तर ती आपोआप त्या चढावर जाऊन विसावते. आपल्या भाषेत सांगायचं तर डिफॉल्ट उत्तर 'नाही', आणि 'हो' मिळवायला पुरावा द्यावा लागतो. आपण लिहितो त्यातल्या किती सिस्टिम अशा असतात, हा वेगळा विषय. असो.

रेल्वेच्या ब्रेकमध्येही पुढे हेच तत्त्व आलं. नळी तुटली तर ब्रेक सुटत नाहीत, उलट लागतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस घाटात वीज आली, तेव्हाची मालगाडीची इंजिनं रेल्वेवाल्यांमध्ये 'खेकडा' या लाडक्या नावाने ओळखली जायची. उतरताना त्यांच्या मोटरी जनित्रासारख्या उलट्या वापरता येत. गाडी आवरली जायची आणि वीज परत तारेत जायची. आज इलेक्ट्रिक कारच्या जाहिरातीत जे नवल म्हणून सांगतात, ते खंडाळ्याच्या घाटात आपल्या आजोबांच्या वेळी चालू होतं.

आता पिकअपकडे या. थोडं गणित करू (घाबरू नका, एकच ओळ आहे). दोन टनांची पिकअप आणि दोन टनांचा ट्रेलर, खंडाळा ते खोपोली साधारण ५०० मीटर खाली. ही उंची उतरताना जी ऊर्जा सुटते ती सुमारे साडेपाच युनिट वीज भरते. तेवढ्यात साठ-पासष्ट लिटर पाणी उकळेल. ही उष्णता कुठेतरी जाणारच. थोडी हवेचा विरोध खाईल. बाकीची, तुम्ही फक्त ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर ब्रेकच्या डिस्कमध्ये आणि ड्रममध्ये जाईल. ते तापले की पकड जाते. 'ब्रेक फेल' म्हणून बातमी येते त्यात पुष्कळदा काही तुटलेलं नसतं. ब्रेक नुसते भाजलेले असतात.

मग मॅन्युअल की ऑटोमॅटिक? चढताना मॅन्युअल कमी पडते, हे मान्य करू. उभ्या चढावर चार टन वजन उचलताना क्लच घासतो, हाफ क्लचवर दोनदा गाडी उचलली की वास येतो. कंपन्यांनाही हे माहीत आहे. २०२२ मध्ये हायलक्स भारतात आली तेव्हा इंजिन तेच असूनही ऑटोमॅटिकला टॉर्क ५०० न्यूटन-मीटर आणि मॅन्युअलला ४२० होता. उतरताना मात्र मॅन्युअलचा एक साधा गुण आहे: तुम्ही दुसरा गिअर टाकलात की तो दुसराच राहतो. ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर धरून ठेवता येतो, पण त्यासाठी तुम्हाला ते आठवावं लागतं. ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. आणि गिअर उतार सुरू होण्याआधी टाका, मधे नाही.

म्हणजे खरी यादी अशी होते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. पिकअपचे ब्रेक पिकअपपुरते असतात. जोड तुटलाच तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतील अशी सोय हवी (तेच रेल्वेच्या नळीचं तत्त्व). वजन उलाळ नको. गाडीच्या पुस्तकात ओढायची मर्यादा किती लिहिलीय ते वाचायचं, यूट्यूबवर कोणी किती ओढलं ते नाही. आणि मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी करावी लागते.

शेवटचं, आणि हे कॅराव्हॅनवाल्यांपुरतं नाही. डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल करून सोडायची सवय आपल्याकडे अजून आहे. ट्रकवाले करतात, आणि छोट्या गाड्यांमधले आपणही करतो. वाचतं ते काही रुपयांचं डिझेल. तसंही आजच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं, म्हणजे तेही फारसं वाचत नाही. त्या बदल्यात तुम्ही इंजिनाचा ब्रेक काढून टाकता, आणि सगळा घाट नुसत्या ब्रेकवर सोपवता. बोरघाटात अशा गाडीच्या पुढे कोणीतरी असतंच. बहुतेक वेळा कुटुंब घेऊन मुंबईला परतणारं.

तेव्हा पुढच्या वेळी लंच टेबलावर कोणी "ओढेल का रे?" विचारलं, तर त्याला उलट विचारा: "आवरेल का?"