शंभर फुटांची कुळकथा

४ जुलै २००४ रोजी न्यूयॉर्कमध्ये एक कोनशिला बसली. अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांतून आणलेला वीस टनांचा ग्रॅनाइट, त्यावर ११ सप्टेंबरच्या मृतांना वाहिलेली अक्षरं, समोर गव्हर्नर जॉर्ज पटाकी आणि शोकाकुल कुटुंबं. जुळ्या मनोऱ्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या फ्रीडम टॉवरची ही पायाभरणी होती. जून २००६ मध्ये हीच शिला ट्रकवर चढवून, जिथे कोरली गेली त्या लाँग आयलंडवरच्या कारखान्यात परत पाठवावी लागली. मधल्या दोन वर्षांत मनोऱ्याचा आराखडा बदलला होता आणि शिला आता कुठल्याच कोनावर नव्हती. कोनशिला बसते आणि इमारत येत नाही, हे आपल्याकडे नेहमीचंच. इमारत आली, पण कोनशिलेला सोडून बाजूला जाऊन उभी राहिली, हे मात्र मी प्रथमच वाचत होतो. ती किती सरकली आणि नेमकी तेवढीच का, हे शोधायला गेलो, आणि हाती लागलं एक अंतर. त्या अंतराची ही कुळकथा.

आधीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, तो उरकून टाकतो. २००३ मध्ये डॅनिएल लिबेस्किंड यांचा एकूण आराखडा निवडला गेला. जागेचा भाडेपट्टा लॅरी सिल्व्हरस्टीन यांच्याकडे होता आणि त्यांचे वास्तुरचनाकार डेव्हिड चाइल्ड्स. दोघांची बरीच ओढाताण होऊन डिसेंबर २००३ मध्ये एक पीळदार मनोरा जाहीर झाला. वरच्या भागात तारांची उघडी जाळी, तिच्यात पवनचक्क्या, शेजारी एकाच बाजूला कललेलं टोक आणि उंची १७७६ फूट, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं साल.

या मनोऱ्याचा एक कोपरा वेस्ट स्ट्रीट या रहदारीच्या हमरस्त्यापासून अवघ्या २५ फुटांवर येत होता. न्यूयॉर्क पोलिसांनी २००४ सालातच जागेची मालक असलेल्या पोर्ट अथॉरिटीला याबद्दल लिहिलं होतं. २००५ च्या वसंतात वाद चव्हाट्यावर आला, मे महिन्याच्या सुरुवातीला पटाकींनी फेरआखणी जाहीर केली आणि २९ जूनला नवा मनोरा लोकांसमोर आला. पीळ गेला, पवनचक्क्या गेल्या. २०० फूट बाजूचा चौरस पाया आला, पडलेल्या मनोऱ्यांच्या पायाच्या जवळपास तेवढाच. खाली जवळजवळ बिनखिडक्यांचा काँक्रीटचा चौथरा, पहिल्या आराखड्यात २०० फूट उंच आणि शेवटी १८६ फूट; म्हणजे सतरा-अठरा मजली इमारतीएवढी नुसती बैठक. आणि रस्त्यापासूनचं अंतर सरासरी ९० फूट.

आता कोडं असं, की जुळे मनोरे पडले विमानांनी. पण हा सगळा बदल विमानाला डोळ्यांसमोर ठेवून केलेला नाही. विमानाला पंचवीस काय नि नव्वद फूट काय! ही मापं आहेत स्फोटकांनी भरलेल्या ट्रकची. म्हणजे २००१ च्या स्मारकाचा पाया ठरवला तो दुसऱ्याच कुठल्यातरी वर्षाने. ते वर्ष कुठलं?

पटकन सुचणारं उत्तर १९९३. त्या वर्षी २६ फेब्रुवारीला याच वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरातल्या वाहनतळात एका व्हॅनचा स्फोट झाला, सहा माणसं गेली, हजारभर जखमी झाली. जागा तीच, शस्त्र तेच. बरेचजण इथेच थांबतात. पण ती व्हॅन रस्त्यावर उभी नव्हती. ती इमारतीच्या पोटात शिरली होती. पोटात शिरणाऱ्याला अंगणात अडवून काय उपयोग? १९९३ चं खरं अपत्य आहे लिबर्टी स्ट्रीटजवळचं भूमिगत वाहन-तपासणी केंद्र. परिसरात माल आणणारा प्रत्येक ट्रक तिथे तपासला जातो आणि त्याच्या छपरावर आता लिबर्टी पार्क नावाची बाग आहे. रस्त्यापासूनच्या अंतराचं मूळ मात्र त्यात सापडत नाही.

दुसरा दावेदार ओक्लाहोमा सिटी. १९ एप्रिल १९९५, मरा फेडरल इमारतीच्या दारात, रस्त्याच्या कडेला उभा केलेला ट्रक, १६८ मृत्यू. हा दावा जड आहे हे मान्य. त्या इमारतीचे पुढचे खांब तुटले, खांबांवर आडवी टाकलेली मोठी तुळई खाली आली आणि स्फोटाने थेट न मोडलेले मजलेही तिच्यामागोमाग कोसळले. एक खांब गेला तरी बाकीच्यांनी भार पेलावा, हा धडा अमेरिकी सरकारी बांधकामाने तिथून घेतला, आणि नव्या मनोऱ्याच्या जाड काँक्रीटच्या गाभ्यात तो दिसतो. पण अंतराचा नियम ओक्लाहोमाच्या आधी दहा वर्षं कागदावर होता. मुलगा बापाच्या आधी जन्मत नाही.

तिसरा दावेदार मला सर्वांत आवडतो, कारण तो याच बेटावरचा आणि भीतीशी काडीचाही संबंध नसलेला आहे. पार्क अव्हेन्यूवरची सीग्रॅम बिल्डिंग, १९५८. मीस व्हॅन डर रोहे यांनी ती रस्त्यापासून सुमारे ९० फूट आत घेतली आणि पुढे मोकळा चौक सोडला. बघा, आकडासुद्धा तोच! त्या चौकाची एवढी मोहिनी पडली की १९६१ च्या नगररचना नियमांत, पुढे चौक सोडणाऱ्याला जादा बांधकामाची सवलत मिळाली. त्याही आधी, १९१६ च्या नियमांनी उंच इमारतींना वर जाताना पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरायला लावलं होतं, रस्त्यावर ऊन पडावं म्हणून. तेव्हा मागे सरणं हा न्यूयॉर्कचा जुना शिष्टाचारच आहे आणि फ्रीडम टॉवरने तो पाळला, असं कुणी म्हटलं तर ऐकायला गोड वाटतं. पण सीग्रॅमच्या तळाशी उभं राहून पाहिलं तर खांबांमधून आरपार काचेची लॉबी दिसते. चौक आणि लॉबी मिळून माणसाला आत बोलावतात. नव्वद फूट मोकळे आणि त्यामागे १८६ फुटांची मुकी भिंत, ही जोडी मीसच्या घरातली नव्हे. अंतर एकवेळ तिथून आलं म्हणा, चौथरा येऊ शकत नाही. आणि इथे ही दोन्ही एकाच दिवशी, एकाच कारणाने आली आहेत.

ही जोडी जिथे एकत्र सापडते ते घर बैरूतचं आहे.

१८ एप्रिल १९८३ रोजी एक व्हॅन बैरूतच्या अमेरिकी वकिलातीच्या थेट दर्शनी दारापर्यंत गेली. स्फोटात इमारतीचा मधला भाग खाली आला, ६३ माणसं मेली. ऑक्टोबरमध्ये त्याच शहरात मरीन सैनिकांच्या तळात ट्रक घुसला, २४१ अमेरिकी सैनिक गेले. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये वकिलातीच्या नव्या जागेवरही पुन्हा व्हॅन. तेव्हा परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांनी अ‍ॅडमिरल बॉबी रे इनमन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९८५ चा. त्या अहवालातून घडलेल्या मापदंडांत नवी वकिलात कशी असावी हे ठरलं: भोवती भिंत, भिंतीपासून १०० फूट मोकळी जागा, खाली काच कमी, भिंत जास्त. अमेरिकी वास्तुरचनाकार अशा वास्तूंना आजही थोड्या कुजकटपणे ‘इनमन इमारती’ म्हणतात. पैसा पुरला नाही, बऱ्याच वकिलाती जुन्या जागीच राहिल्या. ७ ऑगस्ट १९९८ ला नैरोबी आणि दार-ए-सलाम इथे ट्रक फुटले, २२४ माणसं गेली. नैरोबीची वकिलात भर चौकात, रस्त्याला लागून होती. १९९९ मध्ये अमेरिकी संसदेने शंभर फुटांचा कायदाच केला.

ही साखळी लागल्यावर २००५ चा आराखडा मला निराळाच दिसू लागला. तो कार्यालयाच्या मनोऱ्याखाली घातलेला वकिलातीचा तळमजला आहे. नवा आराखडा पाहून समीक्षक बुरुज, गढी अशा उपमा शोधत होते. एवढ्या लांब जायची गरजच नव्हती.

शंभरच का, एकशेवीस का नाही? इथे थोडं गणित. ब्रिटिश अभियंता बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी १९१५ मध्ये आणि जर्मन कार्ल क्रान्झ यांनी १९२६ मध्ये एकच नियम मांडला. पहिल्या महायुद्धात हे दोघे समोरासमोरच्या बाजूंना होते, आणि नियमाला आता दोघांचंही नाव जोडून लावतात. नियम सांगतो की अंतर दुप्पट केलं, तर तेवढाच दाब पोचवायला आठपट स्फोटकं लागतात. अंतराचा घन. २५ फुटांवरून ९० वर जाणं म्हणजे ३.६ पट, त्याचा घन जवळपास ४७. १९९३ च्या व्हॅनमध्ये सुमारे ६०० किलो माल होता. तेवढा माल २५ फुटांवरून जो दाब देईल, तो ९० फुटांवरून द्यायला २८ टन लागतील, आणि त्यासाठी व्हॅन नव्हे, मोठा ट्रेलर हवा. पण या आलेखात शंभरावर कुठलंही वळण नाही, तो एकसारखा उतरत जातो. तेव्हा शंभर हा आकडा भौतिकशास्त्राने दिलेला नसून जमिनीच्या भावाशी केलेली तडजोड आहे, असं माझं ठाम मत. आणि मॅनहॅटनमध्ये जमिनीचा भाव वकिलातीच्या कायद्याला जुमानत नाही, म्हणून शंभराचे सरासरी नव्वद झाले. उरलेल्या दहा फुटांची भरपाई काँक्रीटने केली.

आता एक चौथा दावेदार, आपल्या घरचा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांचे धाबे दणाणले. व्यापाऱ्यांकडून वर्गणी काढून कोटाभोवती खंदक खणायला घेतला गेला. पुढे फ्रेंचांच्या भीतीने कोटासमोरची झाडं आणि घरं हटवून तोफांच्या टप्प्यातलं रान मोकळं केलं, १८०३ च्या आगीनंतर आणखी वाढवलं. कोट १८६० च्या दशकात पाडला, पण ते रान राहिलं: आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज. भीतीने सोडलेली मोकळी जागा म्हणून हाच मूळपुरुष मानावा, असा मोह मलाही झाला. पण नातं जुळत नाही. कोटासमोरचं मैदान आतल्याने बाहेरच्यावर मारा करण्यासाठी होतं. शंभर फुटांच्या पट्ट्यात कुणी कुणावर मारा करत नाही. तिथे नुसती हवा काम करते, दाब पातळ करायचं. लंडनमध्ये २०१८ मध्ये उघडलेल्या नव्या अमेरिकी वकिलातीपुढे अर्धवर्तुळाकार तळं आहे. लोक त्याला खंदक म्हणतात, पण त्याचं काम शत्रूला बुडवण्याचं नाही, ट्रक लांब ठेवण्याचं आहे.

बैरूतचा नियम मुंबईत आला तो मात्र खरोखर. अमेरिकी वाणिज्य दूतावास अनेक दशकं ब्रीच कँडीला, समुद्राकाठच्या लिंकन हाउसमध्ये होता. मूळचा तो वांकानेरच्या राजांचा महाल. २०११ मध्ये दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात गेला, जिथे भोवती हवी तेवढी जागा मिळते. व्हिसासाठी तिथे रांग लावणारा माणूस भिंत आणि इमारत यांच्यामधून चालतो ते याच अंतरातून.

न्यूयॉर्कचा चौथरा पुढे फार छळला गेला. तो भिंतीसारखा दिसू नये म्हणून २००६ मध्ये लोलकासारख्या काचांचं आवरण ठरलं, पण चाचण्यांत त्या काचा नीट उतरल्या नाहीत आणि २०११ मध्ये तो बेत सोडला. आज तिथे काचेच्या उभ्या पात्या आणि स्टीलच्या पट्ट्या आहेत. २००९ मध्ये ‘फ्रीडम टॉवर’ हे नावही मागे पडून वन वर्ल्ड ट्रेड सेंटर झालं, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये पहिले भाडेकरू आत गेले.

३१ ऑक्टोबर २०१७ रोजी त्याच वेस्ट स्ट्रीटला लागून असलेल्या सायकल मार्गावर एका माणसाने भाड्याचा ट्रक घातला आणि ह्यूस्टन स्ट्रीटपासून मैलभर दक्षिणेला दौडवला. आठ माणसं मेली. ट्रक मनोऱ्याच्या काही चौक अलीकडे, चेंबर्स स्ट्रीटपाशी थांबला. त्यात स्फोटकं नव्हती. त्यानंतर काही दिवसांतच सायकल मार्गाच्या तोंडांशी काँक्रीटचे ठोकळे बसले.