चंद्रपूर-पडघा लाईनमध्ये पीडब्ल्यूएम का नाही?

घरच्या साइन वेव्ह इन्व्हर्टरमध्ये पीडब्ल्यूएम असतं. म्हणजे जामखेडच्या बाजारपेठेतल्या दुकानातही ते विकत मिळतं. मग चंद्रपूरची वीज मुंबईजवळ आणणाऱ्या, 500 केव्हीच्या डीसी लाईनमध्ये ते का नाही? हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारला जातो, आणि उत्तर इतिहासात आहे.

आधी पीडब्ल्यूएम म्हणजे काय ते बघा. बॅटरीचा डीसी एका स्विचमधून सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचा. चालू राहण्याचा वेळ कधी जास्त, कधी कमी ठेवायचा. सरासरी काढली की साइन वेव्ह तयार! ब्राऊन बोव्हेरीच्या शोनुंग आणि श्टेमलर यांनी 1964 मध्ये मोटारी चालवण्यासाठी ही युक्ती मांडली.

अट एकच, स्विच हवा तेव्हा बंद करता आला पाहिजे. इथेच घोडं अडलं. स्वीडनमध्ये 1954 ला गॉटलंड बेटाची 20 मेगावॅटची डीसी लाईन सुरू झाली, ती पाऱ्याच्या व्हॉल्व्हवर. नंतर थायरिस्टर आले. दोघांचाही स्वभाव सारखा: चालू आपण करायचं, पण बंद व्हायला समोरच्या एसी ग्रिडची मदत लागते. आयजीबीटीने ही अडचण सोडवली. स्वीडनमध्येच 1997 ला 10 किलोमीटरवर फक्त 3 मेगावॅटची चाचणी झाली आणि 1999 ला गॉटलंडवर 50 मेगावॅटची पीडब्ल्यूएम लाईन आली.

त्याच सुमारास आपल्या वीज मंडळाची चंद्रपूर-पडघा लाईन सुरू झाली. 1500 मेगावॅट, सुमारे 750 किलोमीटर, थायरिस्टरवर. मंडळ मागे राहिलं असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. पहिल्या पिढीच्या पीडब्ल्यूएम स्टेशनात प्रत्येक टोकाला साधारण 3 टक्के वीज उष्णतेत जायची, थायरिस्टरमध्ये एक टक्क्याच्या आत. 1500 मेगावॅटचे 3 टक्के म्हणजे 45 मेगावॅट, तेही एकाच टोकाला! शिवाय एवढ्या क्षमतेचं पीडब्ल्यूएम स्टेशन तेव्हा जगात कुठेच नव्हतं.

पण थायरिस्टरची किंमतही मोजावी लागते. 12 ऑक्टोबर 2020 आठवतोय? कळवा-पडघा भागातल्या बिघाडाने मुंबई अंधारात गेली, लोकल थांबल्या. अशा वेळी पडघ्याचं थायरिस्टर स्टेशन मेलेलं ग्रिड उठवू शकत नाही, कारण त्याला स्वतःलाच जिवंत ग्रिड लागतं. आयजीबीटीचं स्टेशन मात्र स्वतःची साइन वेव्ह स्वतः बनवतं. मुंबईसाठीची कुडूस-आरे लाईन (1000 मेगावॅट, 80 किलोमीटर, त्यातली बरीच जमिनीखालून) याच प्रकारची आहे.

गंमत म्हणजे आता त्यातही जुनं पीडब्ल्यूएम उरलेलं नाही. जर्मनीच्या मार्क्वार्ट यांनी सुचवलेली रचना 2010 ला सॅन फ्रान्सिस्कोत वापरात आली. शेकडो छोटे कपॅसिटर एकेक करून जोडायचे-काढायचे, म्हणजे जिन्याच्या बारीक पायऱ्यांसारखी साइन वेव्ह मिळते. प्रत्येक स्विच कमी वेळा हलतो, नुकसान एक टक्क्याच्या आसपास येतं. आपल्याकडची पुगलूर-त्रिशूर लाईनही (2021) याच पद्धतीची.

या शेकडो कपॅसिटरचं व्होल्टेज सारखं कसं ठेवतात, ते पुढच्या लेखात. माझं काम तिथेच अडकलंय सध्या.