ताडीचे दुकान

वसईचे नाव निघाले की आपणां सर्वांस प्रथम किल्ला आठवतो, चिमाजीअप्पा आठवतात आणि १७३९ सालचा तो वेढा आठवतो. इतिहासाच्या पुस्तकांनी आपणांस तशी सवयच लावून ठेवली आहे. परंतु उमेळे-नायगावापासून थेट अर्नाळ्यापर्यंत पसरलेल्या ह्या खाडीकाठच्या आणि वाड्यांच्या प्रदेशात एके काळी किल्ल्याहून अधिक राबत्याची अशी एक जागा होती. तिला बुरूज नव्हते. धड भिंतीही नव्हत्या. वर झावळ्यांचे छप्पर, खाली सारवलेली जमीन, दोन बाकडी, आणि कोपऱ्यात ओल्या फडक्याने तोंड झाकलेली मडकी. ती जागा म्हणजे ताडीचे दुकान.

सुशिक्षित घरांत ह्या विषयाची वाच्यता होत नसे, आणि आमच्याही घरी होत नव्हती. लहानपणी त्या दुकानावरून जाताना नजर रस्त्यावर ठेवून चालावे असा दंडक होता. त्यामुळे दुकानाची जी स्मृती आमच्यापाशी आहे ती डोळ्यांची थोडी, आणि नाकाकानांची अधिक: ताडीचा आंबूस वास, निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बोंबलांचा दर्प, आणि आमच्या घरात कधीही ऐकू न येणारे मोकळे, मोठ्याने चाललेले बोलणे. ज्यांनी तेथे बसून संध्याकाळी घालविल्या त्यांनी त्याविषयी एक अक्षर लिहून ठेवले नाही. लिहिले ते दोघांनीच: कर वसूल करणाऱ्यांनी, आणि दुकान बंद करू पाहणाऱ्यांनी. म्हणून ह्या दुकानाचा इतिहास परक्यांच्या दप्तरांतूनच वाचावा लागतो.

तो वाचण्यापूर्वी झाडाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ताडाची ती ताडी, माडाची ती माडी आणि शिंदीची ती शिंदी. लोकव्यवहारात मात्र तिघींसही पुष्कळदा ताडीच म्हणतात. माडाची पोय उमलण्यापूर्वी ती बांधून घ्यावयाची, काही दिवस हलक्या हाताने ठोकावयाची, आणि मग टोकाशी पातळ काप घेऊन तिच्या तोंडी मडके अडकवावयाचे. हा काप रोज नवा घ्यावा लागतो. सकाळ-संध्याकाळ झाडावर चढणे चुकले तर जखम सुकते आणि रस आटतो. पहाटे उतरविलेला रस गोड असतो. ऊन चढू लागताच तो आपोआप आंबू लागतो, आणि दिवस मावळेपर्यंत आंबट होऊन जातो. सारे मर्म येथेच आहे. ताडी साठविता येत नाही, दूर नेता येत नाही. ती झाडाजवळच आणि त्याच दिवशी प्यावी लागते. पिंपातील दारू पन्नास कोसांवरून येऊ शकते. ताडीच्या दुकानास मात्र आपल्या गावाचेच व्हावे लागे. पाडेली कोणत्या झाडावर चढला आणि ते झाड कोणाच्या वाडीतले, हे तेथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक असे.

सरकारची पंचाईत झाली ती ह्याच गोष्टीने. पेशवाईत दारूबंदीचा अंमल कडक करण्यात आला, तेव्हा पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेल्या कोकणपट्टीतील भंडाऱ्यांनी पुण्यास गाऱ्हाणे घातले. ताडी बंद, तर झाडांवरचा सारा द्यावयाचा कोठून, असा त्यांचा रोकडा सवाल होता. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी पेशव्यांच्या रोजनिशींवर १९०० साली लिहिलेल्या विवेचनात हे प्रकरण आले आहे. सरकारने भंडारी, कोळी इत्यादी लोकांपुरती मोकळीक दिली, आणि ब्राह्मण, प्रभू व सरकारी कामदार ह्यांस मात्र दारू मुळीच मिळता कामा नये असे बजावले. निवाडा शहाणपणाचा होता असे कोणी म्हणेल, आणि एका अर्थी तो होताही. पण त्याने दुकानाचे पुढील दोनशे वर्षांचे भवितव्य ठरवून टाकले. महसूल हवा, म्हणून दुकान असावे. पण प्रतिष्ठितांनी तिकडे पाहू नये. आमच्या घरच्या त्या दंडकाचे मूळ पेशव्यांच्या दप्तरात सापडेल असे आम्हांस कधी वाटले नव्हते.

इंग्रजांनी ह्या दुटप्पीपणास कायद्याची शिस्त लावली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडाच्या झाडास परवान्याविना हात लावणे गुन्हा ठरले. झाडागणिक कर बसला, झाडांवर खुणा आल्या. झाड एकाचे, त्यावर चढणारा दुसरा, आणि विक्रीचा मक्ता तिसऱ्याचा. मक्ते घेणाऱ्यांत पारशी पुष्कळ होते, आणि दारूवाला, ताडीवाला ही आडनावे अद्यापि त्याची साक्ष देतात. झाडाच्या बुंध्याशीच ताडी विकण्याचाही एक निराळा परवाना त्या काळी असे. खुल्या आभाळाखाली, ज्या झाडाची ताडी त्याच झाडाच्या सावलीत ती विकली जावी, ह्याहून साधे मद्यगृह कोठे असेल असे वाटत नाही.

परंतु मोजदाद करणाऱ्या सरकारास विखुरलेली झाडे आवडत नाहीत. त्यास भट्टी आवडते, कारण भट्टीस कुलूप लावता येते. उरण येथे मोहाच्या दारूच्या भट्ट्या एकत्र आल्या होत्या. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा ह्या जिल्ह्यांत मोहाची फुले नुसती बाळगण्यावरही निर्बंध आले, म्हणजे ज्याच्या अंगणात मोह आहे त्याने घरी दारू गाळू नये, दुकानातून विकत आणावी. ताडीवरचा कर चढवीत न्यावा आणि लोकांस भट्टीच्या कडक दारूकडे लोटावे, असाच ह्या धोरणाचा परिणाम झाला असे आमचे मत आहे. सौम्य पेयाची जागा जहाल पेयाने घेतली, आणि मग मद्यपानाने गोरगरिबांचा नाश होतो म्हणून हळहळण्यास सरकारी अहवाल मोकळे झाले.

हळहळणारे सगळेच काही ढोंगी नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुण्यातील वाढत्या दारूदुकानांविरुद्ध नगरपालिकेस लिहिले. १९०८ साली टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दुकानांपुढे निरोधन केले. आमच्या भागास अधिक जवळची गोष्ट १९२२ ची आहे. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत देवीच्या आराधनेची एक लाट उठली. ती डोंगरांतून दक्षिण गुजराथेतील आदिवासींत पसरली, आणि अंगात आलेल्या देवीच्या मुखातून दारू-ताडी सोडा, मक्तेदाराच्या दारी जाऊ नका, अशी आज्ञा होऊ लागली. ही बंदी कोणा अंमलदाराने लादलेली नव्हती. पिणाऱ्यांनीच ती स्वतःवर घालून घेतली, आणि तिचा रोख पेल्याइतकाच मक्तेदाराच्या कर्जखात्यावर होता. घरच्या कर्त्याची मजुरी दुकानात राहिली म्हणजे चूल कशी विझते, हे ज्या बायकांनी पाहिले त्यांच्यापुढे आमच्या ह्या स्मरणरंजनाची फारशी किंमत नाही, हेही येथेच कबूल केलेले बरे.

१ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात प्रथम दारूबंदी आली, आणि पहिले मंत्रिमंडळ गेल्यावर ती शिथिल झाली. पुढे १९४९ चा कायदा होऊन ६ एप्रिल १९५० पासून सबंध मुंबई राज्यात संपूर्ण बंदी सुरू झाली. त्याच तारखेस वीस वर्षांपूर्वी महात्माजींनी दांडीस मीठ उचलले होते. मिठागरांच्या शेजारी राहणाऱ्या आमच्या लोकांस तारखेतील हा योग कळला असेल. पण मीठ मोकळे झाले त्याच दिवशी ताड बंद व्हावा, ह्यातील विनोदही कळल्यावाचून राहिला नसेल. दुकाने उठली. ताडी लपविणे कठीण, कारण झाडावर चढलेला माणूस चहूंकडून दिसतो. हातभट्टी मात्र खाजणात, तिवरांच्या आड, रात्रीतून लागते. कायद्याने सौम्य आणि उघडे ते मारले, आणि जहाल व लपलेले ते वाढविले. पूर्वी इंग्रजांच्या करानेही हेच केले होते.

१९६० नंतरच्या दशकात बंधने सैल झाली आणि परमिट रूम आली. रंगीत काचा, जाड पडदा, आत भर दुपारी अंधार. ह्या खोल्यांनी जेवणखाणाची सोय केली, 'बार आणि रेस्टॉरंट' असे नाव मिळविले, आणि आता त्यांतीलही कित्येक नामशेष झाल्या. त्यांच्याविषयी हळहळणारे लोक आम्हांस भेटतात. आम्हांस ती हळहळ समजते, परंतु वाटून घेता येत नाही. ज्या जागेस आतून बाहेरचा रस्ता दिसत नाही ती गावची कशी म्हणावी? ताडी-माडी विक्री केंद्रांच्या पाट्याही पुन्हा लागल्या. पण तोवर पोरे मुंबईच्या गाडीने नोकरीस जाऊ लागली होती, आणि दिवसातून दोनदा झाडावर चढणारे उरले नव्हते. राज्यात ठिकठिकाणी ताडीच्या नावाखाली क्लोरल हायड्रेट मिसळलेले पाणी विकले जात असल्याचे उघडकीस आले. झाडाची गरजच संपली. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहण्याचा पूर्वीचाच वेग आणखी वाढला.

वसईकडील ख्रिस्ती घरांत लग्नकार्यास फुगे तळतात. मैदा, अंडी आणि नारळाचे दूध ह्यांच्या पिठात पूर्वी ताडी घालीत. तिच्याने पीठ फुलून येई आणि किंचित आंबूस चव राही. ती ताडी आणावयास घरातील एखादा पोरगा सकाळीच भांडे घेऊन दुकानाकडे जाई, आणि त्या एका दिवशी त्यास नजर रस्त्यावर ठेवण्याचे कारण नसे. आता त्या पिठात बाजारातील यीस्ट पडते. फुगे चांगले फुगतात. म्हाताऱ्या बायका मात्र एक घास खाऊन थोडा वेळ काही बोलत नाहीत.