नागसेनाचा रथ आणि श्टुकची ऑडी

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं हर्सूलला येऊन जर्मन मोटार शर्यतपटूवर बोलायचं, हे काय प्रकरण आहे, असं काहींना वाटलं असेल. पण शेंद्रा आपल्यापासून काही फार लांब नाही. तिथं २००१ पासून स्कोडाच्या गाड्या तयार होऊ लागल्या आणि पुढे ऑडीच्याही जुळवल्या जाऊ लागल्या. २०१० साली याच शहरातल्या लोकांनी मिळून एकदम दीडशेच्या आसपास मर्सिडीज विकत घेतल्या, ती बातमी देशभर गाजली. तेव्हा जर्मन गाडी आपल्या ओळखीची आहे. तिच्या आडून आम्हाला एक जुना प्रश्न विचारायचा आहे. वस्तू ‘तीच’ राहिली, असं आपण कधी म्हणतो? आणि ते ठरवायचं कुणी?

आधी माणूस पाहू. हान्स-योआखिम श्टुक यांचा जन्म १ जानेवारी १९५१ चा, आल्प्सच्या पायथ्याशी गार्मिश-पार्टेनकिर्शेनचा. वडील हान्स श्टुक हेही नामांकित शर्यतपटू. ऑटो युनियन कंपनीच्या रुपेरी गाडीतून त्यांनी १९३४ ची जर्मन ग्रां प्री जिंकली. घाटरस्त्यांवर ते असे काही गाडी चालवत की लोक त्यांना डोंगरांचा राजा म्हणत. त्या रुपेरी गाड्यांमागे नाझी राजवटीचा पैसा होता, हेही सांगितलं पाहिजे. इतिहास सांगताना चकाकी तेवढी सांगायची आणि पैसा कुठून आला ते गाळायचं, हे बरं नव्हे.

ऑटो युनियन म्हणजे १९३२ साली एकत्र आलेल्या चार कंपन्या: ऑडी, डीकेडब्ल्यू, होर्ख आणि वांडरर. ऑडीच्या बोधचिन्हावरची चार कडी म्हणजे त्या चौघी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचे कारखाने सोव्हिएत ताब्यात गेले, यंत्रसामग्री उखडून नेण्यात आली. १९४९ मध्ये पश्चिमेकडच्या इंगोलश्टाट इथं कंपनी नव्यानं उभी राहिली. जागा वेगळी, यंत्रं वेगळी, नाव आणि कडी मात्र जुनीच. आपला प्रश्न इथूनच सुरू होतो.

मुलानं १९७० मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, न्यूर्बुर्गरिंगवरची २४ तासांची शर्यत बीएमडब्ल्यूमधून जोडीदारासह जिंकली. ती शर्यत भरण्याचं ते पहिलंच वर्ष. १९७२ मध्ये फोर्ड काप्री घेऊन तो जर्मन विजेता झाला. १९७४ ते १९७९ फॉर्म्युला वनमध्ये होता. तिथं ७४ शर्यती झाल्या, पण पहिला क्रमांक एकदाही नाही. १९७७ मध्ये जर्मनीत आणि ऑस्ट्रियात तिसरा आला, तेच तिथलं मोठं यश. मग पोर्श आली. १९८६ आणि १९८७ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यानं साथीदारांसह ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली.

फॉर्म्युला वनची गाडी शर्यतीसाठीच जन्माला येते. टूरिंग कारचं तसं नसतं. ती मुळात दुकानात मिळणारी, घरातल्यांना घेऊन प्रवासाला जायची गाडी. जर्मनीत अशा गाड्यांची अजिंक्यपद स्पर्धा १९८४ साली सुरू झाली. त्या काळचा नियम असा की एखाद्या मॉडेलच्या वर्षभरात ५,००० गाड्या तयार झाल्या तरच ते शर्यतीत उतरवता येई. सुधारित आवृत्तीसाठी आणखी ५०० लागत. यामागचा विचार आम्हाला फार आवडतो. मैदानात धावणारी गाडी तुमच्या दारातल्या गाडीची सख्खी बहीण असली पाहिजे, म्हणजे पाहणाऱ्याचा तिच्याशी काही संबंध उरतो.

१९९० मध्ये ऑडीनं या स्पर्धेत व्ही-८ क्वात्रो आणली. साहेब लोकांनी मागच्या सीटवर बसून जायची ती ऐसपैस, जड गाडी. पुढ्यात बीएमडब्ल्यू एम-३ आणि मर्सिडीज १९० यांसारख्या आटोपशीर, चपळ गाड्या. ऑडीच्या बाजूनं दोन गोष्टी होत्या: चारही चाकांना मिळणारी ताकद, आणि श्टुक. हंगाम हॉकेनहाइमला संपला आणि अजिंक्यपद श्टुककडे आलं. ज्या कड्यांसाठी बाप धावला, त्याच कड्यांसाठी मुलगा जिंकला. पुढच्या वर्षी ऑडीचाच फ्रांक बीला विजेता झाला.

आणि मग क्रँकशाफ्टचा वाद उभा राहिला. पिस्टनची वर-खाली हालचाल चक्राकार गतीत बदलणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. दुकानातल्या व्ही-८ मध्ये त्याचे बाक एकमेकांशी ९० अंशांत होते. शर्यतीच्या इंजिनात ते १८० अंशांत आले. असं इंजिन अधिक वेगानं फिरतं. मूळ भागावर काम करायला नियमाची ना नव्हती, पण भाग मूळचाच हवा होता. ऑडीचं म्हणणं, दांडा तोच आहे, फक्त पिळून घेतलाय. प्रतिस्पर्धी म्हणाले, हा तो दांडाच नव्हे. अखेर तो नियमबाह्य ठरला आणि १९९२ च्या भर हंगामात ऑडीनं स्पर्धेतून अंग काढून घेतलं. श्टुकचं कसब तिळभरही कमी झालं नव्हतं, तरी हातातली गाडी गेली.

हा वाद आपल्या शहराला नवा वाटायला नको. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथं उभ्या केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव दिलं आणि त्या परिसराला आपण नागसेनवन म्हणतो. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिनँडर म्हणजेच मिलिंद राजाला विचारतात, की तू रथातून आलास ना, मग रथ कोणता ते दाखव. आस म्हणजे रथ का? चाकं? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी त्याला पटतं, की हे सगळे भाग नीट जुळून आले म्हणजे त्या जुळणीला आपण व्यवहारात रथ हे नाव देतो. भागांच्या आत लपलेला वेगळा रथ कुठेच नाही.

मग कुणी म्हणेल, गाडीत सार असं काही नाहीच, तर दांडा पिळला काय नि बदलला काय, बिघडलं कुठं? आमचं मत नेमकं उलटं आहे. नाव व्यवहारातून येतं, म्हणूनच व्यवहार प्रामाणिक लागतो. वस्तूच्या आत सार असतं तर तिनं स्वतःची साक्ष दिली असती. ते नसल्यामुळे सगळा भार करारावर येतो. ‘ही दुकानातलीच गाडी’ हा स्पर्धकांनी प्रेक्षकांशी केलेला करार होता. तो पिळला की दांड्याबरोबर स्पर्धाही पिळली जाते. आपल्याकडे भेसळीचं दूध विकणाराही म्हणतो, दूधच आहे, थोडं पाणी घातलंय. कितव्या वाटीला दूध हे नाव सोडायचं, हे दूध सांगत नाही. ते माणसांनी बसून ठरवायचं आणि ठरलेलं पाळायचं असतं.

श्टुक यांची पुढली वाटचाल या दृष्टीनं बघण्यासारखी आहे. १९९८ मध्ये त्यांनी साथीदारांसह न्यूर्बुर्गरिंगची तीच २४ तासांची शर्यत डिझेल बीएमडब्ल्यूमधून जिंकली; डिझेल गाडीचा तिथला तो पहिला विजय. २००४ मध्ये पुन्हा जिंकली. २०११ मध्ये, साठीला पोचल्यावर, दोन्ही मुलांना सोबत घेऊन तिथंच शेवटची शर्यत केली. आणि २०१२ मध्ये ते जर्मन मोटारक्रीडा महासंघाचे अध्यक्ष झाले. ज्याची गाडी नियमावरून बाद झाली, तोच नियम सांभाळणाऱ्या संस्थेच्या प्रमुखपदी बसला.

फोर्ड, बीएमडब्ल्यू, पोर्श, ऑडी. गाड्या बदलत गेल्या. एकोणीस वर्षांचा पोरगा आणि साठ वर्षांचा बाप, हा एकच माणूस का? नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतात. पहिल्या प्रहरातली ज्योत शेवटच्या प्रहरात तीच नसते आणि अगदी वेगळीही नसते. एकीतून दुसरी पेटत आलेली असते. माणसाची कारकीर्द अशीच असते, आणि गावाचीही. आपलं हर्सूल गाव होतं, आज महानगरपालिकेत आहे. तलाव आहे, माणसं बदललीत, नाव आपण चालवतो आहोत. ते चालवताना आतलं काय पिळायचं आणि काय नाही, हे आपल्यालाच ठरवावं लागेल. आता प्रश्न विचारा.