दक्षिणा, बक्षीस, मानधन : राज्याश्रयातील परीक्षकाचा प्रश्न

राज्यसंस्थेने कलावंताला दिलेल्या द्रव्याचा इतिहास सामान्यतः देणाऱ्याच्या औदार्याचा किंवा घेणाऱ्याच्या मिंधेपणाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. या दोन्ही दृष्टींतून एक गोष्ट निसटते. द्रव्य देण्यापूर्वी कोणीतरी पात्रता ठरवलेली असते आणि ती ठरवताना साहित्य कशाला म्हणावे, कलावंत कोणाला म्हणावे, याची एक व्याख्याही अभावितपणे सिद्ध होत असते. महाराष्ट्रातील राज्याश्रयाची दक्षिणेपासून मानधनापर्यंतची वाटचाल पाहता देणारा हात वारंवार बदलला. परीक्षकाच्या अधिकाराची चिकित्सा मात्र क्वचितच झाली, असे दिसते.

पेशवाईत या द्रव्याच्या दोन वाटा होत्या. श्रावणमासात पुण्यात वाटली जाणारी दक्षिणा ब्राह्मणांपुरती मर्यादित होती आणि शास्त्राध्ययनातील अधिकार पाहून विद्वानांना ती अधिक मिळे. होनाजी बाळा, राम जोशी, प्रभाकर यांसारख्या शाहिरांना मिळणारी बिदागी ही दुसरी वाट. तिला नियम नव्हता, धन्याची मर्जी होती. १८१८ मध्ये सत्तांतर झाल्यावर कंपनी सरकारने दक्षिणा चालू ठेवली. तिच्याच निधीतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उभी राहिली. बिदागीला मात्र कोणी वारसदार लाभला नाही. विद्या ही राज्याची जबाबदारी आणि शाहिरी ही राजाची करमणूक, हा जुना भेद नव्या राजवटीने न बोलता स्वीकारला, असा याचा अर्थ होतो.

दक्षिणेच्या स्वरूपालाच आव्हान मिळाले ते १८४९ मध्ये. लोकहितवादींसारख्या सुधारकांच्या पुढाकाराने पुण्यातील तरुणांनी सरकारकडे अर्ज केला. हा पैसा मराठीतील उपयुक्त ग्रंथांना द्यावा आणि जातीचा निर्बंध काढावा, असा त्याचा आशय होता. शास्त्रीमंडळींचा विरोध झाला, तरी दक्षिणेचा काही भाग बक्षिसांकडे वळला आणि दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. हा बदल मूलगामी होता. दक्षिणा व्यक्तीच्या जन्माला आणि अध्ययनाला मिळत असे. बक्षीस ग्रंथाला मिळणार होते. तत्त्वतः आता कोणीही लिहावे आणि पात्र ठरावे, अशी वाट मोकळी झाली.

ही वाट किती मोकळी होती, हे जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ या नाटकाने दाखवून दिले. १८५५ मध्ये लिहिलेले हे नाटक त्यांनी कमिटीकडे पाठवले. कुणबी दांपत्याला नाडणारा जोशी आणि त्या नागवणुकीचे मूळ अविद्येत शोधणारी मांडणी हा त्याचा विषय. नाटक नाकारले गेले. फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त याची हकिकत नमूद केली असून कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे तिचे तात्पर्य आहे. ज्या वर्गाची चिकित्सा नाटकात होती, त्याच वर्गाच्या हाती त्याची परीक्षा होती. बक्षीस खुले झाले. परीक्षकपद खुले झाले नाही.

या नकाराचे मोल केवळ बुडालेल्या रकमेत मोजता येणार नाही. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. १८५१ मध्ये आश्रयदाता गेल्यावर ते खेळ घेऊन गावोगाव हिंडले आणि मराठी नाटकाला प्रेक्षकाश्रय मिळाला. भाव्यांजवळ मंडळी होती, प्रयोग होता. राजाश्रय तुटूनही परंपरा तगली. फुल्यांजवळ केवळ संहिता होती. ती छापून प्रसिद्ध होण्यास १९७९ साल उजाडले. मधल्या १२४ वर्षांत मराठी नाटकाच्या उगमाची जी मांडणी झाली, तीत या नाटकाला जागाच नव्हती. एका समितीचा नकार अशा रीतीने वाङ्मयेतिहासाची रूपरेषा ठरवून गेला.

स्वातंत्र्योत्तर काळात सन्मान आणि निर्वाह यांचे शासकीय हिशेब वेगळे झाले. १९५४-५५ पासून वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मासिक मानधन सुरू झाले. शाहिरीच्या वारसांना प्रथमच मर्जीऐवजी नियम लाभला, हे या योजनेचे ऐतिहासिक महत्त्व होय. पण नियमाबरोबर राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा श्रेणीही आल्या. म्हणजे उपजीविकेच्या प्रश्नातही गुणवत्तेची प्रतवारी शिरली. दुसरीकडे सन्मानाने निर्वाह साधत नव्हता. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाई नारायणगावकर २००२ मध्ये आर्थिक विपन्नावस्थेत निवर्तल्या. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना पुरस्कार देऊ लागले.

२०२४ मध्ये मानधनातील श्रेणी काढून सर्वांना दरमहा ५,००० रुपये देण्याचा निर्णय झाला. निर्वाहापुरते शासनाने परीक्षकपद सोडले. सन्मानाच्या क्षेत्रात मात्र अगदी उलट घडले होते. कोबाड गांधी यांच्या आत्मकथनाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला डिसेंबर २०२२ मध्ये राज्य वाङ्मय पुरस्कार जाहीर झाला आणि काही दिवसांतच शासनाने तो रद्द करून निवड समितीच बरखास्त केली. निषेधार्थ काही लेखकांनी आपले पुरस्कार नाकारले, तर काहींनी शासकीय मंडळांचे राजीनामे दिले.

१८५५ मध्ये समितीने ग्रंथ नाकारला. २०२२ मध्ये शासनाने समितीच नाकारली. पहिल्या प्रसंगी परीक्षकांचा सामाजिक पाया अरुंद होता, दुसऱ्या प्रसंगी त्यांचे स्वातंत्र्य अपुरे ठरले. समिती स्वायत्त असली की न्याय होतोच, असे पहिले उदाहरण म्हणू देत नाही; आणि समिती दोषपूर्ण असते म्हणून शासनाने तिच्या जागी बसावे, असे दुसरे उदाहरण म्हणू देत नाही. पुरस्कारांच्या याद्यांवरून वाङ्मयीन अभिरुचीचे आलेख काढणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच त्या याद्यांइतकेच त्यांच्या परीक्षक मंडळांचे आणि नाकारलेल्या संहितांचे वाचन करायला हवे. राज्याश्रयाचा खरा दस्तऐवज बहुधा तिथेच सापडतो.