टोचणीची उतरंड

कोंबडीशी माझा संबंध आजवर फक्त ताटापुरता आला, आणि तोही घराबाहेरच्या ताटापुरता. तिलाही मानपान, भाऊबंदकी, रुसवेफुगवे असतात हे कळायला मला सत्तरी गाठावी लागली. ते कळलं एका नॉर्वेजियन गृहस्थामुळे.

त्याचं नाव थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे. हे नाव मी पाठ केलंय, पण अजून एका दमात म्हणता येत नाही. जन्म १८९४ चा, ऑस्लोचा. त्या वेळी त्या शहराला क्रिस्तियानिया म्हणत. आईवडील दोघेही शिल्पकार. ज्या वयात आपण खिशात गोट्या खुळखुळवत हिंडायचो, त्या वयात हा मुलगा वही घेऊन खुराड्यासमोर बसायचा आणि कोण कुणाला टोचतं ते टिपून ठेवायचा. आमच्याकडे असं पोर निपजलं असतं तर 'पाढे पाठ झाले का?' म्हणत सगळ्यांनी त्यालाच टोचलं असतं.

१९२२ साली त्याने हे सगळं जर्मन भाषेत प्रसिद्ध केलं. त्याचं म्हणणं असं, की कोणत्याही दोन कोंबड्या घ्या, त्यांच्यात टोचणारी कोण आणि टोचून घेणारी कोण हे ठरलेलं असतं. पहिल्या एकदोन गाठीभेटींत चोचाचोची होते, एक जण माघार घेते, की झाला निकाल! मग रोज भांडायचं कारण नाही. वरचीने नुसती मान वळवली तरी खालची दाण्यापासून बाजूला होते. सगळ्यात वरची सर्वांना टोचते, तिला कुणी नाही. सगळ्यात खालचीला सगळ्या टोचतात, तिला मात्र टोचायला कुणी नाही. इंग्रजीत याला 'पेकिंग ऑर्डर' म्हणतात. मी आपली उतरंड म्हणतो. आजीच्या माजघरात मडक्यांची असायची तशी. तिच्यात सगळ्यांत खालच्या मडक्याला कधी कुणी विचारलं नाही, की बाबा रे, तुला कसं वाटतंय?

साहेबाने हेडक्लार्कला, हेडक्लार्कने मला आणि मी शिपायाला, हे तर मी सदतीस वर्षं नोकरीत पाहिलंच. (शिपाई पाण्याच्या माठावर पेला आपटायचा.) पण या माणसाने आणखी एक गंमत टिपली होती. उतरंड दर वेळी सरळ नसते. कधी पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला आणि तिसरी फिरून पहिलीला! हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून स्वयंपाकघराकडे पाहिलं. मी मुलावर ओरडायचो, मुलाच्या हट्टापुढे त्याची आई नमायची आणि त्याची आई मला... असो.

खुद्द शेल्डेरुप-एब्बेचं मात्र मायदेशातल्या विद्यापीठात वरच्या मंडळींशी बिनसलं आणि डॉक्टरेट त्याला जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डला जाऊन घ्यावी लागली. लहानपणापासून ज्याने उतरंड मोजली, त्याला स्वतःची पायरी ओळखता आली नाही!

पुढे अमेरिकेत ॲली आणि गूल या शास्त्रज्ञांनी हाच धागा पकडला. ज्या कळपाची उतरंड बसलेली असते, त्यात टोचाटोची कमी होते, कोंबड्या जास्त खातात आणि अंडीही जास्त देतात. कोंबड्या सारख्या बदलत राहिल्या की सगळ्याच वाळतात. नवखी कोंबडी बसलेल्या कळपात आली, की बहुधा तळाशी जाते. आणि आणखी एक. कोंबड्या एकमेकींना ओळखतात त्या मुख्यतः डोक्यावरून आणि तुऱ्यावरून. त्यात फेरफार केला, तर कालची ओळखीची आज परकी ठरते. गूल आणि ऑर्टमन यांनी १९५३ साली हे प्रयोग करून दाखवलं.

तुऱ्याचं वाचलं आणि मला अण्णांची टोपी आठवली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कऱ्हाडजवळच्या एका गावात हेडमास्तर होते. काळी टोपी घालून वाड्याच्या दारात नुसते खाकरले तरी आम्ही भावंडं पुस्तकं उघडायचो. तरी त्यांनी आम्हाला बोटही लावलं नाही कधी. आई गेल्यावर, १९८६ साली, ते आमच्या मुंबईच्या दोन खोल्यांत राहायला आले. घरात टोपी कशाला म्हणून ती खुंटीला गेली. आठवडाभरात अण्णा खुर्चीच्या टोकाशी बसायला लागले. 'चहा कधी?' असं विचारणारा माणूस 'चहा होणार असेल तर घोटभर' म्हणायला लागला. नातू खुशाल त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र ओढून न्यायचा.

आणि मी? एका रात्री ते रेडिओवर बातम्या ऐकत होते. ऑफिसात त्या दिवशी मला वरून बरंच टोचलेलं होतं. मी दारातूनच ओरडलो, "अण्णा, जरा हळू लावा ना तो! इथे माणसं राहतात!" त्यांनी रेडिओ हळू नाही केला, बंदच केला. "चुकलं हं," म्हणाले. मला त्या क्षणी राग नव्हता आलेला. बरं वाटलं होतं. अगदी आतून, चोच मारल्यासारखं बरं वाटलं होतं. आमच्या हिने ताट वाढलं, पण रात्रभर माझ्याशी बोलली नाही.

चैत्रात गावच्या जत्रेला आम्ही सगळे निघालो. कऱ्हाडच्या स्टँडवर एस. टी. थांबली. अण्णांनी पिशवीतून टोपी काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि डोक्यावर घातली. खाली उतरतात न उतरतात तोच दोघातिघांनी वाकून नमस्कार केला, "मास्तर, कधी आलात?" अण्णांनी त्यांची विचारपूस केली. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"असा काय धरतोस रे पिशवी? बंद तुटेल. नीट धर."

मी चटकन दोन्ही हातांनी धरली.