पडलेला आणि सावरणारा: व्यसनमुक्तीतल्या सोबत्याचा इतिहास

दौंडला हाच विषय मांडला तेव्हा एका गृहस्थांनी मध्येच विचारलं होतं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, दारूशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर तिथे टाळलं, आज शिरूरला देतो. पण आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आमच्या फजितीचा अर्थ लागणार नाही.

विषय असा: दारूतून किंवा गर्दमधून बाहेर पडलेला माणूस, जो पुढे दुसऱ्याला बाहेर काढायला त्याच्याशेजारी बसतो. तो डॉक्टर नाही, कीर्तनकार नाही, पोलीस तर नाहीच. सरकारी कागदांत अलीकडे त्याला 'पीअर एज्युकेटर' म्हणतात. आम्ही सोबती म्हणू. हा सोबती आला कुठून?

आपल्या भागात दारूविरुद्धचं बोलणं जुनं आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर दारू गाळणं आणि विकणं सरकारच्या मुठीत गेलं, महसूल वाढला, दुकानं वाढली. १८८० साली जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, त्यांनी शहरातल्या वाढत्या दारूदुकानांबद्दल लेखी तक्रार केली. १९०८ मध्ये टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दुकानांपुढे निरोधन केलं. १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा आला. पुढे बायकांनी मतदान करून गावातली बाटली आडवी करायची तरतूद झाली, ती आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण यात एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळं दुकानाबद्दल आहे. पिणारा माणूस यात कुठे आहे? तो एक तर आरोपी आहे, नाहीतर दयेचा विषय. त्याला तोंड नाही.

आता तुमच्या शेजारचं उदाहरण. शिरूरहून नदी ओलांडली की पारनेर तालुका, आणि त्यात राळेगणसिद्धी. तिथे अण्णा हजारे यांनी १९७५ नंतर दारू बंद केली. न ऐकणाऱ्या दारुड्यांना देवळाजवळच्या खांबाला बांधून फटके दिले गेले, हे त्यांनी स्वतःच वेळोवेळी सांगितलेलं आहे. गाव सुधारलं हे खरं. तरीही आम्हाला तो खांब खुपतो, आणि केवळ नीतीच्या अंगाने नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापतात, झोप जाते, नसलेली माणसं दिसायला लागतात, फिट येते, क्वचित जीवही जातो. त्याला औषध लागतं. खांबाला हे कळत नाही. ज्याचे स्वतःचे हात कधी काळी कापलेले आहेत, त्याला मात्र लांबूनसुद्धा कळतं.

आणखी एक जुनी रीत आपल्याकडे आहे, तिच्याकडे व्यसनमुक्तीवाल्यांचं फारसं लक्ष जात नाही. ती म्हणजे माळ. तुकोबांची पालखी यवत, वरवंड, पाटस अशी दौंड तालुक्यातूनच जाते. माळ घातली की दारू आणि मटण सुटलं. पण नुसत्या मण्यांनी सुटत नाही हो! सुटतं ते दिंडीमुळे. मागे-पुढे चालणाऱ्यांत एखादा असतो ज्याने आपल्यासारखीच पिऊन शेत घालवलेलं असतं. शिवाय हळदीला, वरातीला कोणी पेला पुढे केला तर "माळकरी आहे" एवढं म्हणून सुटता येतं. नाही म्हणायला समाजमान्य शब्द हाताशी असणं ही फार मोठी सोय आहे. माळ नसलेल्याला ती सोय नाही.

आणि केडगाव! शिरूरहून न्हावरा करत भीमा ओलांडली की चौफुल्याच्या अलीकडे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. १८८६ ते १८८८ या काळात रमाबाई अमेरिकेत होत्या, तिथे फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जमला. विलर्डबाई स्त्रियांच्या मद्यपानविरोधी संघटनेच्या अध्यक्ष. अमेरिकेवर रमाबाईंनी मराठीत जे पुस्तक १८८९ मध्ये लिहिलं, त्यात या संघटनेचं कौतुक आहे. दारूने घर बुडालेल्या बायका एकत्र येऊन काय करू शकतात, हे केडगावच्या या बाईने सव्वाशे वर्षांहून आधी मराठीत सांगून ठेवलं होतं. इथले किती लोक ते वाचतात, हा प्रश्न आम्ही विचारत नाही, अवघडल्यासारखं होतं.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर १८४० कडे जाऊ. बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात बसणाऱ्या सहा जणांनी ठरवलं की आपण आपली सोडायची, आणि प्रत्येक बैठकीत आपली हकीकत सांगायची. वॉशिंग्टोनियन म्हणून ही चळवळ वणव्यासारखी पसरली. १८४२ मध्ये अब्राहम लिंकन यांनी त्यांच्यापुढे भाषण केलं. तेव्हा ते तरुण वकील होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की याआधी दारूविरुद्ध बोलणारे तिघे: धर्मोपदेशक, वकील आणि पगारी प्रचारक. तिघांचंही लोकांना पटत नाही, कारण तिघांचाही काही ना काही स्वार्थ दिसतो. जो स्वतः त्यातून निघाला त्याचं पटतं. ही चळवळ दहा वर्षंसुद्धा नीट टिकली नाही. पण तिघांतला तिसरा, पगारी माणूस, लक्षात ठेवा. तो परत येणार आहे.

१९३५ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनला बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी गेला. सौदा फिसकटला. हॉटेलात एकटा, समोर बार. त्याने प्यायची नाही म्हणून काय केलं? दुसरा दारुडा शोधला. बॉब स्मिथ नावाचे एक सर्जन त्याला भेटले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए उभी राहिली. यातली खुबी बघा: विल्सन त्या डॉक्टरला वाचवायला गेला नव्हता, स्वतः वाचायला गेला होता. उपकार करणारा आणि घेणारा असा भेदच तिथे उरला नाही.

पुढच्याच वर्षी विल्सनला न्यूयॉर्कच्या ज्या रुग्णालयात त्याने उपचार घेतले होते, तिथून नोकरीचं बोलावणं आलं. घरात पैशाची चणचण. तो आनंदाने आपल्या गटापुढे गेला, आणि गटाने सांगितलं, घेऊ नकोस. पगार घेतलास की तू आमच्यातला राहणार नाहीस. त्याने घेतली नाही. पण १९५४ मध्ये मिनेसोटा राज्याने नेमकं उलट केलं. विलमारच्या सरकारी मनोरुग्णालयात दारूतून बाहेर आलेल्यांना समुपदेशक म्हणून नेमता यावं यासाठी सरकारी नोकरीत रीतसर पद तयार झालं. एका हाताने पगार नाकारला, दुसऱ्याने दिला. आमच्या मते दोघेही बरोबर होते, आणि म्हणूनच हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

आपल्याकडे ही दुसरी वाट आली ती पुण्यात. १९८० च्या दशकात शहरात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पोरांच्या हातात खेळायला लागली. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. ते चालवलं डॉ. अनिता अवचट यांनी, म्हणजे सुनंदाताईंनी. त्या तिथल्याच मानसोपचारतज्ज्ञ. बरे झालेले रुग्ण तिथेच कामाला लागले. वॉर्डात जबाबदारी, नवीन आलेल्याची समजूत, गटात बोलणं, हे सगळं त्यांच्याकडे. ज्याच्या हातात घरचे लोक किल्ली देत नव्हते, त्याच्या हातात किल्ल्या. बायकांसाठी 'सहचरी' गट निघाला, तिथेही तेच तत्त्व: हे सोसलेली बाई हे सोसणाऱ्या बाईशी बोलणार. सुनंदाताई १९९७ मध्ये कर्करोगाने गेल्या. काम थांबलं नाही, आणि ते थांबलं नाही हीच त्या पद्धतीची परीक्षा होती, असं आम्हाला वाटतं.

आता आमची गोष्ट.

दौंडचा आमचा एक विद्यार्थी होता, रेल्वेतल्या माणसाचा मुलगा. हुशार. पुढे रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी नोकरीला लागला आणि पगाराच्या दिवशीची पार्टी रोजची झाली. त्याच्या आईने आमच्याकडे धाडला. आम्ही काय केलं? त्याला अ‍ॅरिस्टॉटल सांगितला. चांगलं काय हे कळत असूनही माणूस वाईट का करतो, हा त्या ग्रंथाच्या सातव्या भागातला प्रश्न. दोन तास सांगितला. त्याने मान डोलावली, पाया पडला, आणि बाहेर जाऊन चपटी घेतली. अ‍ॅरिस्टॉटलनेच तिथे लिहिलंय की नशेतला माणूससुद्धा सिद्धांत आणि कविता धडाधड म्हणून दाखवू शकतो. आठ दिवसांनी त्याने प्यायलेल्या अवस्थेत आमचंच व्याख्यान आम्हाला म्हणून दाखवलं. एक मुद्दा चुकला नाही!

मग एक गृहस्थ मिळाले, सात वर्षं न प्यायलेले. ते त्याला घेऊन दौंड स्टेशनच्या बाकावर बसले. फार बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "सकाळी ब्रश धरताना हात हलतो का?" तो रडायला लागला. तिथून त्याला औषधोपचाराला नेलं, आणि परत आल्यावर सहा महिने प्रत्येक पगाराच्या दिवशी हे गृहस्थ कंपनीच्या गेटवर उभे. मोकळा दिवस आणि भरलेला खिसा, या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं.

पुढे मुलगा स्वतः एका केंद्रात सोबती म्हणून लागला. मानधन असं की शेतावरच्या गड्यालाही लाज वाटावी. चार वर्षं रात्रपाळ्या केल्या, किती जणांचे हात धरले. मग वडील गेले, आणि तेराव्यानंतर तो घसरला. तीन दिवस. चौथ्या दिवशी आपण होऊन केंद्रात जाऊन सांगितलं. त्यांनी त्याला त्याच दिवशी कमी केलं.

मंडळी, इथे आम्ही अडतो. केंद्राचं म्हणणं आम्हाला समजतं. वॉर्डात नवी पोरं आहेत, त्यांच्यासमोर प्यायलेला माणूस कसा ठेवायचा? काही काळ बाजूला ठेवणं योग्यच. पण ज्या दुखण्याला आपण इतरांच्या बाबतीत आजार म्हणतो, उलटू शकणारा आजार म्हणतो, तेच नोकराला झालं की गुन्हा कसा होतो? दम्याचा डॉक्टर खोकला तर त्याला काढतात का? त्याची पात्रताच मुळी त्याचा आजार होती. आजार वापरून घ्यायचा आणि आजारपणाची रजा द्यायची नाही, असा हा व्यवहार.

आणि हे एकट्याचं नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलाही उपचार मिळाला होता, आणि १८० मागे एकालाच दाखल होऊन. ही दरी नुसते डॉक्टर भरणार नाहीत. गोव्यात 'संगाथ'ने दाखवलं की प्रशिक्षण दिलं तर साधी शिकलेली माणसंही आरोग्य केंद्रात पिणाऱ्यांना उपयोगी समुपदेशन करतात. २०१७ मध्ये ते 'लॅन्सेट'ने छापलं. म्हणजे माणसं लागणार, गावागावांत लागणार. ऊसतोडीची उचल हातात पडते तेव्हा लागणार, गुऱ्हाळाच्या कोपीवर लागणार. त्यांना नेमायचं तर पगार किती, रजा कोणती, आणि घसरला तर परतीची वाट कोणती, हे नेमणुकीच्या कागदावर असायला नको?

आमचा विद्यार्थी सध्या पुन्हा सावध आहे, दोन वर्षं होतील. दौंडला मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलंय. महिन्यातून दोन शनिवार दुकान अर्धा दिवस बंद ठेवून तो शिरूरला येतो, इथल्या चार-पाच जणांना भेटायला. मानधन नाही. एसटीचं भाडं खिशातून जातं. मागच्या महिन्यात आम्ही ते देऊ केलं, त्याने घेतलं नाही. म्हणाला, "सर, तुमच्याकडून नको, पण कोणीतरी द्यायला पाहिजे." कोणी, यावर आता तुम्ही बोला. प्रश्नांसाठी वीस मिनिटं आहेत.